बाऊ

सुमेधाच्या पत्राला नानांनी उत्तर पाठवलंच नव्हतं. पाठवायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं. उलट पुण्याच्या खोलीत टेबलाशी बसून त्यांनी मसुदे केले, खोडले, पुन्हा केले, आणि दर वेळी 'येईन' या शब्दापाशी पेन थांबलं. येईन म्हणजे किती दिवसांसाठी, कोण म्हणून, कशाच्या बळावर? सुनेचं ते निळं अंतर्देशीय नानांची बायको मालती गेल्यानंतर आलं होतं. 'तुम्ही इकडे कायमचे या,' असं तिने लिहिलं होतं. 'मला नोकरीवर परत जायचं आहे, आणि चारूला परक्यांकडे ठेववत नाही. ती तुमच्याजवळ असली म्हणजे मी निर्धास्त असेन. पण तुमच्या मनात नसेल तर मोकळेपणी कळवा, आम्हाला राग येणार नाही.' त्यातला 'निर्धास्त' हा शब्द नानांना जाचला. आपल्यामुळे एखाद्याने निर्धास्त राहावं असं आयुष्यात काही घडल्याचं त्यांना आठवेना. शेवटी उत्तर लिहायचं राहिलं आणि एक दिवस वळकटी आणि पुस्तकांची ट्रंक घेऊन ते स्वतःच वाशीच्या घराच्या दारात उभे राहिले. "आलो थोडे दिवस," म्हणाले. त्याला आता वर्ष होत आलं होतं. सुमेधा कामावर जाऊ लागली, पुण्याच्या खोलीचं भाडं दर महिन्याला मनिऑर्डरने जात राहिलं, आणि 'थोडे दिवस' हे शब्द दारात ठेवलेल्या ट्रंकेसारखे तसेच राहिले. त्यांना कोणी हात लावला नाही.

त्या सकाळी सुमेधा खांद्याला पर्स लावून दारापर्यंत गेली आणि परत आली. तिने चारूच्या कपाळावर हात ठेवला. "नाना, अंग कोमट लागतंय का हो?" नानांनी हात लावून पाहिला. त्यांचे तळवे मुळातच गार. त्यांना सगळ्यांचीच अंगं कोमट लागत. "नाही तसं," ते म्हणाले. "राहू का घरी? साहेब बोलतील, पण बोलू देत. सुभाषही नेमका बडोद्याला." सुभाष, नानांचा मुलगा, कारखान्याच्या यंत्राच्या कामासाठी गेला होता, शनिवारी येणार होता. सुमेधा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. खाडीपुलावरून जाणारी तिची बस चुकली की पुढची तुडुंब भरून येई. "जा तू," नाना म्हणाले. "मी आहे ना."

ती जिना उतरून गेली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की हे आपलं वाक्य नव्हे. हे मालतीचं वाक्य. चाळीस वर्षांच्या संसारात कोणी आजारी पडलं, कोणाचं लग्न निघालं, कोणाचा पाय मोडला की मालती म्हणे, 'मी आहे ना', आणि नाना पुन्हा पुस्तकात डोकं घालत. आज ते वाक्य आपल्या तोंडून निघालं आणि ऐकणारी त्यावर विश्वास ठेवून निघूनही गेली. त्यांना एकदम गॅलरीत जाऊन हाक मारावीशी वाटली. पण वरून ओरडून काय सांगायचं? 'मी आहे खरा, पण भरवसा धरू नकोस' असं?

चारू दूध प्यायली नाही. पेला तोंडाशी नेला की मान फिरवी. एरवी सकाळभर ती घरातली भांडी पलंगाखाली नेऊन ठेवायची. आज नानांच्या खांद्यावर पडून राहिली, आणि दीड वर्षाचं मूल एवढं जड असतं हे त्यांना प्रथमच कळलं. मानेला तिचा श्वास लागत होता, चहाच्या वाफेसारखा. त्यांनी कपाटातून थर्मामीटर काढला, झटकला, तिच्या काखेत धरून बसले. खिडकीशी जाऊन फिरवून पाहिला तर पारा दिसेना. काचेत नुसती पांढरी चमक. पुन्हा फिरवला तेव्हा बारीक रेघ क्षणभर दिसली आणि नाहीशी झाली. एकशे दोन? की एकशे तीन? आयुष्यभर बारीक टाइपातलं वाचून जगलेल्या माणसाला एक रेघ वाचता येईना. चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं. एकशे तीन. आता नको तितकं स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात चारू म्हणाली, "चिऊ."

तिला जेमतेम आठ-दहा शब्द येत होते, त्यातला हा एक. गॅलरीत ट्यूबलाइटच्या पट्टीमागे चिमण्यांनी घरटं केलं होतं आणि रोज दुपारी आजोबा-नात तिथे उभी राहून ते बघत. नानांना हायसं वाटलं. चिऊ आठवली म्हणजे शुद्ध आहे. ते तिला उचलून गॅलरीत घेऊन गेले. "ती बघ चिऊ. काडी घेऊन आली बघ." चारूने वर पाहिलंच नाही. तिने त्यांच्या खांद्यावर डोकं आपटलं आणि अशी किंचाळली की चिमणी काडी टाकून उडाली. "चिऊ बाऊ," ती हुंदके देत म्हणाली. "चिऊ बाऊ."

बाऊ. पुण्याच्या कोशाच्या कार्यालयात नानांनी नोकरी केली ती अशा शब्दांवर. एकेका शब्दाचं एक कार्ड, त्यावर अर्थ, खाली उदाहरण, मग ती कार्डं लाकडी खणांत. 'ब'चे दोन खण त्यांच्याकडे होते आणि हे कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं होतं. बाऊ: एक, मुलांना भिववण्यासाठी कल्पिलेला बागुलबुवा. दोन, बालभाषेत, दुखापत, इजा. तीन, बाऊ करणे, क्षुल्लक गोष्टीला नको तेवढं महत्त्व देणे. दुसऱ्या अर्थाला उदाहरण मिळेना म्हणून संपादकांनी विचारलं होतं, "अहो, घरी लहान मूल आहे ना तुमच्या? ऐका की जरा." नानांनी मान हलवली आणि उदाहरण स्वतःच रचून लिहिलं. आता तिन्ही अर्थ एकापुढे एक उभे राहिले. चिऊला लागलं असं म्हणतेय का ही? की चिऊची भीती वाटतेय? तापात मुलं भितात, नसलेलं बघतात, हे त्यांनी वाचलं होतं. मेंदूज्वराबद्दलही वाचलं होतं. मान कडक होते, उजेड सहन होत नाही, मूल डोकं आपटतं. त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं, पडदा ओढला. बाहेर चिमण्यांची चिवचिव चालूच होती आणि प्रत्येक चिवचिवीला पोरगी दचकते असं त्यांना वाटू लागलं. मग ते काठी घेऊन बाहेर गेले आणि घरटं पाडायला काठी वर उचलली. आत अंडी असतील, या विचाराने हात तसाच राहिला. आपण काय करतोय? एका शब्दाचा बाऊ करतोय का?

रडणं ऐकून शेजारच्या भागीरथीबाई आल्या. साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटात कांद्याच्या गोण्या वाहायचा, आणि त्यांच्या साडीलाही कांद्याचा वास असायचा. त्यांनी पोरीच्या गालाला हात लावला. "अगं बया, भट्टी पेटलीया की. दात येत आसत्याल, नाना."

"दात आलेत तिला."

"मागलं राहिलं आसत्याल. दृष्ट काढते थांबा. परवा खाली त्या गुजरातणीनं लई कौतिक केलं हिचं." त्यांनी मीठ-मोहऱ्या आणल्या, ओवाळल्या, गॅसवर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या तशी चारू पुन्हा किंचाळली. "बघा, किती लागली हुती! आता गोधडीत गुंडाळा चांगली. घाम फुटला की उतरतंय." आणि नानांचा चेहरा पाहून म्हणाल्या, "तुमी तर तिच्याहून लई घाबरलाय. एवढी बुकं वाचली, त्यात पोराचं काय बी न्हाई व्हय?"

"नाही," नाना म्हणाले. त्यांना हसू आलं नाही.

चारूला भागीरथीबाईंजवळ ठेवून ते कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेले. तिथे फोन होता. सुमेधाच्या ऑफिसचा नंबर कागदावर लिहून खिशात होता. तरी फिरवताना बोट चुकलं. लागला तेव्हा कोणीतरी पुरुष घाईत म्हणाला, "मॅडम जेवायला गेल्यात. काही अर्जंट?" मागे टाइपरायटरचा आवाज येत होता. वाणी, गिऱ्हाइकं, तोलायच्या काट्यावरची डाळ, सगळं आपल्या उत्तराची वाट बघतंय असं नानांना वाटलं. "नाही, नाही. काही नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवून दिला. परत येताना वाटेवर तापलेल्या सिमेंटचा आणि खाडीचा खारट वास येत होता. काही नाही असं आपण का म्हणालो? एक अनोळखी माणूस क्षणभर वैतागू नये म्हणून? त्यासाठी पोरीच्या आईला न कळवता आपण परतलो. सुमेधाला हे कळलं तर ती काही बोलणार नाही, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. 'राग येणार नाही' असं ती लिहूनच चुकली होती.

भागीरथीबाई भाकऱ्या थापायच्या म्हणून गेल्या. गोधडीतल्या चारूचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. नानांनी गोधडी थोडी सैल केली, मग वारा लागेल म्हणून पुन्हा आवळली, मग पुन्हा सैल केली. त्यांना सुभाषचा ताप आठवला. तो चार वर्षांचा असेल. मालती त्याच्या उशाशी बसली होती आणि नाना कार्यालयात जाऊन जाड ग्रंथात ज्वराचे प्रकार वाचत होते. संध्याकाळी ते सगळं तिला सांगू लागले तेव्हा ती म्हणाली, "उतरला मघाशी. हळू बोला, झोपलाय." तिला कसं कळलं, काय केलं, हे त्यांनी विचारलं नाही. ते घर त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. नुसतं ऐकलं होतं, पुस्तकाच्या पलीकडून. कुकरची शिट्टी, बादलीत पडणारं पाणी, मुलाचं कुरकुरणं, मालतीची बडबड. रविवारी न्हाणं झालं की ती सुभाषचं डोकं मांडीवर घ्यायची आणि काहीतरी गुणगुणायची. त्याने लक्ष उडायचं. एकदा ते वैतागून म्हणालेही होते, "जरा गप्प बसून करता येत नाही का?" ती गप्प बसली नाही, आवाज फक्त उतरवला. काय म्हणायची ती? नानांनी डोळे मिटले. शब्द त्यांच्या कानांवर शेकडो वेळा पडले होते, पण ते त्यांनी कधी आत घेतले नव्हते. त्या वेळी टेबलावर कुठलं पुस्तक होतं, कुठलं पान, हे सांगता आलं असतं. शेजारच्या जमिनीवर ओलं डोकं पुसलं जात होतं, तेलाची वाटी ठेवल्याचा आवाज होत होता, आणि मालती म्हणत होती... इथून काय निघालं? इथून निघाली... आणि सुभाष खिदळत होता. गुदगुल्या झाल्यासारखा. हलू नको म्हणत होती ती. हलू नको, उडून जाईल.

उडून जाईल.

या घरातून निघाली चिऊ. त्या घरातून निघाला काऊ.

नाना ताठ बसले. कान साफ करायची ती! या कानात चिऊ, त्या कानात काऊ, हलू नको, उडून जाईल. सुभाषला ते आठवत असणार, त्याने सुमेधाला सांगितलं असणार. आणि इथेही, याच खोलीत, रविवारी सकाळी सुमेधा चारूला मांडीवर घेऊन असंच काहीतरी म्हणत असते आणि आपण पेपर तोंडापुढे धरून बसलेलो असतो. पण हेही पुस्तकी निघालं तर? आपणच जुळवलेलं उदाहरण, पुन्हा एकदा? ते चारूवर वाकले.

"चारू," त्यांनी हळूच विचारलं. "काऊ कुठाय?"

तिने जड पापण्या उघडल्या. गोधडीतून एक हात बाहेर आला, डाव्या कानाची पाळी धरली आणि सोडली. एखादा पाठ असलेला खेळ खेळल्यासारखी.

"आणि चिऊ?"

दुसरा हात वर आला. कानाजवळ जाऊन थांबला. लागला नाही. बोटं हवेतच पसरली आणि ओठ मुडपले. "बाऊ," ती म्हणाली, ओरडून नव्हे, समजावून सांगितल्यासारखी.

नानांना रडू आलं आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. ही भीती वेगळी होती. आतापर्यंत सगळं धूसर होतं, काही न करायला जागा होती. आता ती जागा उरली नाही. किती तास सांगत होती ही? आपण तिला चिमण्या दाखवत होतो. त्यांनी गोधडी सोडली, चारूला पंच्यात घेतलं आणि उजवा कान वर राहील असं धरून जिना उतरले. वाटेत भागीरथीबाई दारातून म्हणाल्या, "कान व्हय? मग लसणीचं तेल सोडा की कोमट!" नाना थांबले नाहीत.

डॉक्टरांच्या दवाखान्यावर पाटी होती: दुपारी बंद. घर वरच, जिन्याने. आयुष्यात नानांनी अवेळी कोणाच्या दाराची घंटा वाजवली नव्हती. ग्रंथालयाची वेळ संपत आली की ते मागितलेलं पुस्तकही न घेता परत फिरत. ते घंटेखाली उभे राहिले. आत पंख्याचा आवाज येत होता. कोणाची तरी दुपारची झोप. बटणावर बोट ठेवलं तर ते आपलं नसल्यासारखं वाटलं. त्यांनी ते दाबलं, आणि घाबरून दाबूनच ठेवलं.

डॉक्टरांच्या पत्नीने दार उघडलं. "डॉक्टर झोपलेत हो. इमर्जन्सी आहे का?"

बाऊ, तिसरा अर्थ. "आहे," नाना म्हणाले.

डॉक्टर बनियनवर बाहेर आले, डोळ्यांत झोप. "काय होतंय, आजोबा?"

"हिचा उजवा कान दुखतोय. ताप एकशे तीन. दूध घेत नाही."

"कानच दुखतोय कशावरून? एवढंसं मूल काय सांगतंय?"

"तिनंच सांगितलं."

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली येऊन दवाखाना उघडला. "आईवडील कुठायत?"

"कामावर. मी आहे."

दिव्याची नळी कानाशी गेली तेव्हा चारूने नानांच्या सदऱ्याची गुंडी ओढून तोडली. "बरोबर," डॉक्टर म्हणाले. "पडदा लाल झालाय. बरं झालं आणलंत. रात्री फार रडली असती. औषध पूर्ण द्यायचं, मध्येच बंद नाही करायचं. गुंडाळू नका, साध्या पाण्यानं अंग पुसा. आणि तेलबिल काही घालू नका हां कानात." नानांनी तीच वाक्यं मनात पुन्हा पुन्हा म्हटली. बाटलीवर कागदाच्या खुणा चिकटवल्या होत्या, तरी पहिला डोस पाजताना पाव चमचा चारूच्या हनुवटीवरून ओघळला. कमी पडलं का? पुन्हा द्यावं का? संध्याकाळपर्यंत ते ओल्या फडक्याने तिचं अंग पुसत राहिले. दर वेळी फडकं पिळताना वाटे, आता थंड लागतंय. की माझेच हात थंड आहेत? कारखान्यांकडून आंबूस वास आला, दिवे लागले, आणि चारू डाव्या कुशीवर झोपली. ताप तसाच होता. सुमेधा आली तेव्हा नानांनी सगळं एका दमात सांगितलं. फोनचंही सांगितलं. तिचा चेहरा पांढरा झाला. "काही नाही म्हणालात?" एवढंच ती म्हणाली, आणि आत जाऊन साडी न बदलता चारूजवळ आडवी झाली.

ती दोन दिवस घरी राहिली. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चारूने पातेलं पलंगाखाली नेलं. रात्री भांडी घासता घासता सुमेधा म्हणाली, "डॉक्टर भेटले होते. म्हणाले, तुमच्या सासऱ्यांनी निदानच आणून दिलं मला. आणि घंटा काय वाजवली, आमची बिल्डिंग उठली." ती हसली. नानाही हसले. मग पाठमोरीच राहून ती म्हणाली, "मी विचार करतेय, नोकरी सोडावी. तुमच्यावर फार पडतं. तुम्हालाही पुण्याला जायचं असेल, आम्ही आपले धरून ठेवलंय." नळ चालू होता. नानांना पुष्कळ बोलायचं होतं. आपण त्या दिवशी किती वेळ चुकलो, आणि पुढेही चुकू, आणि तरीही. "बघू," ते म्हणाले. सुमेधाने नळ बंद केला. "बघू म्हणजे काय हो, नाना?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

सकाळी ती कामावर गेल्यावर त्यांनी अंतर्देशीय काढलं. या वेळी मसुदा केला नाही.

'चि. सौ. सुमेधास, अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. उत्तरास उशीर झाला. पुण्याची खोली सोडत असल्याचे घरमालकांना आजच कळवतो. तू नोकरी सोडू नकोस. मी निर्धास्त नाही, आणि तूही राहू नकोस. ऑफिसात फोनजवळ कोणाला तरी सांगून ठेव की सासऱ्यांचा फोन आला आणि काही नाही म्हणाले तरी तुला बोलवावे. मी येथेच राहीन.'

'येईन' लिहायचं होतं त्या जागी 'राहीन' आलं होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं. वर तिचं नाव, खाली स्वतः बसले होते त्याच घराचा पत्ता लिहिला. चारूला कडेवर घेऊन ते बसस्टॉपजवळच्या पेटीपाशी गेले. एक ट्रक कांदे घेऊन गेला, धूळ उडाली. त्यांनी पत्र फटीत घातलं, थोडा वेळ धरून ठेवलं, आणि चारूने हात मारला म्हणून की स्वतःहून, सोडलं. आत पडल्याचा आवाज आला. पिनकोड घातला का आपण? त्यांना आठवेना.

परतताना जिन्यात त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याकडे पोस्टमन दुपारी येतो. सुमेधा तेव्हा ऑफिसात असेल. तो दार वाजवेल, आणि ते पत्र घ्यायला, चारूला कडेवर घेऊन, घरात आपणच असू.